अर्शीचा पेपर

"सर, बठ्ठा ग्यात घर, कोनीच नई राह्यनं. कुलूप लावू का मी?" लताबाईंनी दारातून विचारलं.

दिलवरसिंग पावरांनी मान वळवली नाही. "बाकीच्या खोल्यांना लावा. इथली किल्ली राहू द्या माझ्याकडे."

समोर पडद्यावर दोन रेघा होत्या, एक निळी, एक लाल. निळी अर्शीची, गेल्या वर्षीची. लाल आज दुपारी आलेली. दोन्ही एकमेकींवर बसायला हव्या होत्या. सुरुवातीला बसतही होत्या. मग लाल रेघ सावकाश खाली झुकत गेली होती आणि शेवटाला दोघींच्या मधे बोटभर जागा राहिली होती.

लताबाई आत आल्या. विभागात शिपाई म्हणून त्यांची बरीच वर्षं गेली होती; पडद्यावरचं काही कळत नसलं तरी सरांचा चेहरा कळत होता.

"आर्शीचंच काम ना हाई? बराबर शे ना?"

"बघतोय," दिलवरसिंग म्हणाले.

लताबाई गेल्यावर त्यांनी आकडे पहिल्यापासून पुन्हा लावले. फाइल चुकली असेल, एकक चुकलं असेल, काहीतरी असेल. काहीच चुकलेलं नव्हतं. बाहेर एप्रिलचं ऊन उतरलं तरी खिडकीची काच हाताला चटका देत होती. लाल रेघ जिथे होती तिथेच होती.

विषय तसा साध्या शब्दांत सांगता येण्यासारखा होता. अणूंची एक रांग कल्पायची. प्रत्येक अणूजवळ होकायंत्रात असते तशी एक सुई. तिला स्पिन म्हणतात. डावीकडच्या सगळ्या सुया वर तोंड करून ठेवायच्या, उजवीकडच्या खाली, आणि सोडून द्यायचं. शेजारीण शेजारणीला ओढते, ती पुढचीला, आणि डावीकडचं 'वर' उजवीकडे झिरपू लागतं. कोणत्या चालीनं झिरपतं, हा प्रश्न. पाण्यात शाईचा थेंब पसरतो तसं रेंगाळत? बंदुकीच्या गोळीसारखं सरळ? की दोन्हींच्या मधल्या एखाद्या तिसऱ्याच चालीनं? अगदी नीटनेटक्या रांगेत ही मधली चाल दिसते, हे माहीत होतं. रांगेत जरा गडबड केली की ती मोडते आणि सगळं शाईसारखं पसरायला लागतं, असं मानलं जाई.

लांब रांगेचा हिशेब साध्या संगणकाला झेपत नाही. म्हणून क्वांटम संगणक. तिथे यंत्रातल्या क्यूबिटांनाच सुया करायचं, त्यांची रांग उभी करायची आणि काय होतं ते मोजायचं. यंत्र परदेशात होतं; जळगावातून इंटरनेटवर काम पाठवायचं आणि नंबर लागायची वाट बघायची. ते यंत्र चुकाही पुष्कळ करी. मग त्या चुका मुद्दाम वाढवून बघायच्या आणि त्यावरून चुका नसत्या तर काय दिसलं असतं याचा अंदाज बांधायचा, अशी रीत होती.

अर्शीच्या रांगेत गडबड करूनही मधली चाल मोडली नव्हती. हा तिचा शोध होता. पेपर एका नावाजलेल्या नियतकालिकाकडे गेला. तपासनीसांना आवडला. त्यांतल्या एकानं एवढंच सुचवलं, की आता याहून कमी चुका करणारं नवं यंत्र आलं आहे, त्यावर एकदा चालवून दाखवा. दिलवरसिंगांनी अर्ज करकरून नव्या यंत्रावर वेळ मिळवला. आणि नव्या यंत्रावर चाल मोडली होती. शाईसारखं पसरत होतं सगळं, जुनी पुस्तकं सांगत होती तसं. जुन्या यंत्राच्या चुकाच अशा विचित्र होत्या, की दुरुस्तीचा अंदाज त्यांना फसला होता.

हे जिला सांगायचं, ती अर्शी आता नव्हती.

धुळ्याच्या पॉवरलूम कामगाराची, हाशमभाईंची ती मुलगी. देवपूरच्या कॉलेजात पदवी घेऊन जळगावला विद्यापीठात आली आणि पीएच.डी.ला दिलवरसिंगांकडेच राहिली. एसीचा गारवा सोसत नाही म्हणून संगणकाच्या खोलीतही पांढरा अ‍ॅप्रन घालून बसायची. सुयांना ती बाया म्हणे. "सर, आज बाया लवकर थकल्या," असं सकाळी दारातूनच ओरडायची. 'जवळपास' हा शब्द तिला चालत नसे, कुणी म्हटलं की ती विचारी, "जवळ का पास?" आणि स्वतःच हसे.

नोव्हेंबरात मावसबहिणीच्या लग्नाला घरी गेली होती. परत येताना बस चुकली म्हणून काळ्या-पिवळ्या जीपमध्ये बसली. एरंडोलच्या अलीकडे समोरून ट्रक आला. तिच्या मोबाइलवरून शेवटचा फोन दिलवरसिंगांना झाला होता, म्हणून पोलिसांनी त्यांनाच बोलावलं. तिथल्या दवाखान्यातून हाशमभाईंना फोन त्यांनीच केला.

सकाळी ते विभागप्रमुखांच्या खोलीत गेले. रतिलाल महाजन दीक्षान्त समारंभाच्या याद्यांत बुडाले होते.

"या पावरा सर, बरं झालं आलात. विद्या परिषदेचा ठराव झाला. अर्शीची पदवी तिच्या आईवडिलांच्या हाती द्यायची, स्टेजवर. प्रबंध तुम्ही पूर्ण करून दिलाच आहे. फक्त पेपर स्वीकारल्याचं पत्र तेवढं लागेल."

दिलवरसिंगांनी दोन रेघांची छापील प्रत त्यांच्यापुढे ठेवली आणि काय झालं ते सांगितलं. महाजनांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तपासनीसाला कळवा, नव्या यंत्रावर वेळ मिळाला नाही. विद्यार्थिनीचं निधन झालंय. कोण अडवणार आहे?"

"पण वेळ मिळाला. चालवलं मी."

"कुणाला माहितीये?"

"मला."

महाजनांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माणूस वाईट नव्हता. अर्शीच्या दफनाच्या दिवशी धुळ्याच्या कब्रस्तानाबाहेर ते उन्हात तासभर उभे होते. "पावरा, ऐका माझं. यानं कुणाचं औषध चुकणार नाही, कुठला पूल पडणार नाही. जगात मोजकी माणसं वाचतील. पुढंमागं कुणीतरी चूक काढेल, आपण म्हणू, विज्ञान असंच पुढं जातं. तोवर एका आईबापाच्या हातात काहीतरी पडलेलं असेल. मला तरी यात पाप दिसत नाही."

दिलवरसिंगांनाही दिसेना. अडचण तीच होती.

चोपड्याच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून ते आले होते. वडील पावसावर पिकेल ते पिकवायचे आणि उन्हाळ्यात मोहाची फुलं वेचायचे. घराण्यात पहिले शिकलेले, पहिले प्राध्यापक. पाड्यावर गेले की अजूनही पोरं त्यांच्या बुटांकडे बघत. पण इतक्या वर्षांत त्यांनी लिहिलेले पेपर बढतीसाठी लागतात म्हणून लिहिलेले होते आणि ते कुणी वाचले नव्हते. अर्शीचं काम इंटरनेटवर टाकलं तेव्हा एका अनोळखी शास्त्रज्ञाचं पत्र आलं होतं, दोन शंका विचारणारं. दिलवरसिंगांनी ते उभ्यानं वाचलं आणि मग अर्शीला मोठ्यानं वाचून दाखवलं. तेव्हाच ती म्हणाली होती, "सर, नवीन मशीनवर परत एकदा चालवू या का? मला बघायचंय." ते म्हणाले होते, "आधी पेपर जाऊ दे. मग बघू."

रात्री जेवताना त्यांनी बायकोला, कस्तुराला सांगितलं. तिला शास्त्रातलं काही ठाऊक नव्हतं, पण अर्शीला ती ओळखत होती. मुलगी कितीदा याच स्वयंपाकघरात जेवून गेली होती. तव्यावरची भाकरी उलटून कस्तुरा पावरी बोलीत म्हणाली, "तिच्या बापाला माहीत आहे हे?"

"नाही."

"मग तुम्ही आणि ते महाजन सर कोण ठरवणारे?"

धुळ्याच्या बसमध्ये ते उजवीकडच्या खिडकीशी बसले. एरंडोल आलं की डावीकडे बघायचं नाही, हे आता अंगवळणी पडलं होतं.

शुक्रवार होता, लूमना सुट्टी. एरवी या गल्लीत शेजारच्याशी ओरडून बोलावं लागे. आज कुणाच्या घरातलं भांडं पडलं तरी ऐकू येत होतं. हाशमभाई नमाजाहून नुकतेच आले होते. त्यांनी सरांचा हात दोन्ही हातांत धरला. अर्शीच्या आईनं, हुस्नबानोंनी रूहअफजाचे पेले आणले आणि त्या दाराच्या चौकटीशी टेकून उभ्या राहिल्या.

"सर, एक विचारू?" हाशमभाई म्हणाले. "स्टेज पे कपडे कैसे पहनने का? मतलब, तुमचा काही नियम असेल तर. शेरवानी चालते का? शेहजादनं सुरतेहून कपडा पाठवला, शिवायला टाकला. त्यानं रजा पण टाकली. बहन की डिग्री है, बोलता है, मैं तो आऊँगा."

दिलवरसिंगांनी पेला खाली ठेवला. बसमध्ये जुळवलेल्या वाक्यांतलं एकही आठवेना. "हाशमभाई, मी त्याबद्दलच बोलायला आलोय," ते म्हणाले, आणि मग जसं सुचेल तसं सांगत गेले. जुनं यंत्र, नवं यंत्र, दोन रेघा. हाशमभाई त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"मतलब, गलत है?"

"तिनं मोजलं ते नीटच मोजलं. यंत्रानं फसवलं. तिला आणि मला, दोघांना."

"फिर मशीन की गलती है. मेरी बच्ची की नहीं."

"तिची नाहीच."

"तो फिर बात खतम."

"पण पेपरमध्ये जे लिहिलंय ते खरं नाही ना, हाशमभाई. आणि वर नाव तिचं आहे."

दारातून हुस्नबानोंनी विचारलं, "और डिग्री?"

"पेपर बदलला तर," दिलवरसिंग थांबले. "बहुतेक नाही मिळणार."

हाशमभाईंनी गुडघ्यावरचा सदरा सरळ केला, परत सरळ केला.

"सर, वो ज़िंदा होती तो आप उसको बोलते. बोलते ना? वो दो दिन रोती. मेरे से झगड़ती, माँ से झगड़ती. फिर बैठ के दुबारा करती. मैं जानता उसको. अब वो नहीं है, तो आप मेरे को बोलने आए. मैं क्या दुबारा करूँ?"

"तुम्हाला न विचारता मी कसं…"

"मत पूछो ना!" हाशमभाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. "हाँ बोलूँ, तो मेरी बेटी के नाम पे झूट. ना बोलूँ, तो उसकी डिग्री मेरे हाथ से गई. ये मेरे हाथ में काय को दिया आपने? तुम्ही शिकलेले, तुम्ही तिचे गुरू. तुम्हीच करायचं होतं, जे करायचं ते."

ते उठून आतल्या खोलीत गेले. पडदा हलला आणि थांबला.

आपण इथे माहिती द्यायला आलो नव्हतो, हे दिलवरसिंगांना तेव्हा कळलं. ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर द्यायला आलो होतो. त्यांनी चपला घातल्या. हुस्नबानो गल्लीच्या तोंडापर्यंत मागून आल्या. तिथे थांबून, पदर नीट घेत त्या हळूच म्हणाल्या, "सर, उस दिन नहलाने वालियों ने मेरे को अंदर नहीं आने दिया. चेहरा भी खोलने नहीं दिया. एरंडोल में आपने देखा था ना उसको?"

"हो."

"कैसी दिख रही थी?"

"शांत," दिलवरसिंग म्हणाले. "झोपल्यासारखी."

हुस्नबानोंनी मान हलवली आणि त्या वळल्या.

एरंडोलला चादर बाजूला केली तेव्हा तिथे चेहरा उरलेला नव्हता. चष्म्याच्या दोरीवरून ओळखलं होतं त्यांनी तिला. आत्ता हुस्नबानोंना सांगताना ते अडखळले नव्हते. स्वतःचा आवाजही त्यांना अगदी खरा वाटला होता. बसस्टँडवर एका बाकावर ते बराच वेळ बसून राहिले. जळगावच्या दोन गाड्या समोरून गेल्या.

त्यांनी पेपर नव्यानं लिहिला. आधी दिसलेली चाल खरी नव्हती. जुन्या यंत्रावर दुरुस्तीचा अंदाज कसा फसतो, कुठे फसतो. दोन्ही रेघा शेजारी शेजारी. पहिलं नाव अर्शीचं, दुसरं त्यांचं. नियतकालिकाचं उत्तर सभ्य शब्दांत आलं: प्रामाणिकपणाचं कौतुक वाटतं, परंतु यात नवं काही उरलेलं नाही.

विद्या परिषदेनं पदवीचा विषय पुढच्या बैठकीवर ढकलला, पुढच्या बैठकीनं एका समितीवर. समितीनं नियम काढून दाखवला: स्वीकारपत्र मुदतीत नाही, तर पदवी नाही. दीक्षान्त समारंभ झाला. दिलवरसिंग तिसऱ्या रांगेत बसले होते. नावं पुकारली जात होती, टाळ्या पडत होत्या. महाजन त्यानंतर कामापुरतंच बोलू लागले. नव्या संशोधन समितीत दिलवरसिंगांचं नाव नव्हतं, आणि नव्या वर्षी एकही विद्यार्थी मार्गदर्शनासाठी त्यांच्याकडे आला नाही. "पावरा सरांकडे गेलं तर शेवटी काही हाती लागत नाही," असं मुलं म्हणतात, हे त्यांना लताबाईंकडून कळलं. लताबाईंनी ते रागानं सांगितलं होतं.

"तुम्हाला ठाऊक होतं ना असं होणार?" एकदा कस्तुरानं विचारलं.

"होतं."

"मग आता झोपत का नाही?"

हाशमभाईंना फोन करायचं धाडस त्यांना होत नव्हतं. ईदला त्यांनी संदेश पाठवला. तो वाचला गेल्याची खूण आली, उत्तर आलं नाही.

दिवाळीच्या सुमारास दुसऱ्या एका लहानशा नियतकालिकानं पेपर घेतला. चार पानं. कुणाचं पत्र आलं नाही.

थंडी पडल्यावर एके दिवशी हाशमभाई स्वतःच विभागात आले. विद्यापीठात ते पहिल्यांदाच येत होते. फाटकापासून विचारत विचारत आले असावेत. बुटांवर वाटेची लाल धूळ होती. मुलीच्या खणात काही सामान राहिलंय, असं लताबाईंनी कधीतरी फोनवर कळवलं होतं. सामान म्हणजे फारसं काही नव्हतं. अ‍ॅप्रन, एक शाल, बडीशेपची डबी. हाशमभाईंनी ते सगळं आणलेल्या पिशवीत घातलं. अ‍ॅप्रनची घडी मात्र आधी उलगडली आणि पुन्हा घातली.

"बसा," दिलवरसिंग म्हणाले.

हाशमभाई बसले. लताबाईंनी चहा आणून ठेवला आणि त्या बाहेर गेल्या.

"शेहजाद?" दिलवरसिंगांनी विचारलं.

"सुरतलाच आहे. बरा आहे." मग थोड्या वेळानं, "बानोची तब्येत बरी नसते."

दिलवरसिंगांनी कपाटातून पेपरची प्रत काढली. देऊ की नको, असं क्षणभर झालं. मग त्यांनी ती टेबलावरून पुढे सरकवली. "हा छापून आला. तेव्हा बोललो होतो, तो. बदललेला."

हाशमभाई सातवीपर्यंत शिकले होते. इंग्रजी अक्षरं ओळखत, पण एकेक करून. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. वरचं लांबलचक शीर्षक सोडून दिलं आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. ओठ हलत होते. बोट थांबलं.

"ये अर्शी."

"हो."

"पहले उसका?"

"पहिलं तिचंच. काम तिचं होतं."

"और इसमें लिखा हुआ, सब सही है?"

"हो," दिलवरसिंग म्हणाले. "यातलं सगळं खरं आहे."

हाशमभाईंनी मान हलवली, पण कागद खाली ठेवला नाही. नावाच्या शेवटी, अक्षरांच्या खांद्याशी, क्रुसासारखी एक बारीक काळी खूण होती. त्यांनी नखानं ती खरवडून बघितली.

"ये क्या है? छपाई में गलती?"

"नाही," दिलवरसिंग म्हणाले. "ती खूण लावतात. लिहिणारा छापून यायच्या आधीच गेला असेल, तर."

"आपके नाम पे नहीं है."

"नाही."

बाहेर व्हरांड्यात तास सुटल्याचा गलका झाला. पोरंपोरी हसत, एकमेकांना हाका मारत जिन्यावरून उतरून गेली. गलका विरेपर्यंत हाशमभाई तसेच बसून राहिले. मग त्यांनी उजव्या हाताचा अंगठा त्या खुणेवर ठेवला, ती पूर्ण झाकली गेलीय याची खात्री केली, आणि पहिल्या अक्षरापासून नाव पुन्हा वाचायला सुरुवात केली.